गेलेला ग्रॅम कुठे गेला? द्रव्य अक्षय्यतेचा नियम घरच्या काट्यावर तपासताना

नववीतल्या एका मुलीच्या वहीत मी एकदा लाल शाईने ‘फुग्यातून गळती’ असा शेरा मारला होता. बाटलीत व्हिनेगर आणि फुग्यात खायचा सोडा घेऊन नेहमीचा प्रयोग तिने केला होता. फुगा बाटलीच्या तोंडाला दोऱ्याने घट्ट आवळला होता, तरी वजन १.३७ ग्रॅमने कमी भरलं होतं. “बाई, मी तीनदा केलं. तिन्ही वेळा जवळजवळ तेवढंच कमी येतंय,” असं ती सांगत होती. गळती असती तर तिन्ही वेळा सारखीच कशी झाली असती, हा प्रश्न मला तिथल्या तिथे पडायला हवा होता. पडला नाही. तिचं मोजमाप बरोबर होतं, माझा शेरा चुकीचा होता. तो का चुकला ते पुढे फुग्याच्या प्रयोगात येईलच. पण त्या दिवसापासून हा धडा शिकवण्याची माझी पद्धत बदलली आणि हा लेख त्या बदललेल्या पद्धतीचा आहे.

नियम एका वाक्याचा आहे: रासायनिक अभिक्रियेत द्रव्य नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, म्हणून अभिक्रियाकारकांचं (आधी घेतलेल्या पदार्थांचं) एकूण वस्तुमान आणि उत्पादितांचं (तयार झालेल्या पदार्थांचं) एकूण वस्तुमान सारखं असतं. मुलं हे वाक्य दोन मिनिटांत पाठ करतात. मग काट्यावर आकडे जुळले की ‘नियम सिद्ध झाला’ आणि जुळले नाहीत की ‘प्रयोग फसला’ असं लिहून मोकळी होतात. माझ्या मते या नियमाचा खरा उपयोग आकडे जुळत नाहीत तेव्हाच सुरू होतो. घरखर्चाच्या वहीत पन्नास रुपये कमी भरले तर पैसे हवेत विरले असं आपण म्हणत नाही, कुठे खर्च झाले ते आठवतो. इथेही तसंच करायचं.

आधी काटा

स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा या कामाला पुरत नाही. आपल्याला जो फरक शोधायचा आहे तोच मुळी दोन ग्रॅमच्या आसपास आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. शक्यतो ५०० ग्रॅम क्षमतेचा घ्या, कारण शेवटच्या प्रयोगात काचेची बरणी ठेवायची आहे. २०० ग्रॅमवाल्यावर बाकीचे प्रयोग होतात.

काटा डुगडुगणाऱ्या टेबलावर नको, ओट्यावर किंवा सरळ फरशीवर ठेवा. पंखा बंद करा. ही सूचना वर्गात मी दहा वेळा देते आणि तरी कोणीतरी पंखा लावतंच. पंख्याचा झोत पडला की शेवटचे दोन आकडे नाचत राहतात. काटा सुरू करून पाच मिनिटं तसाच राहू द्या. एक नाणं बाजूला काढून ठेवा. प्रयोगाच्या सुरुवातीला आणि शेवटी तेच नाणं तोला. दोन्ही वेळा वजन सारखं आलं तर मधल्या काळात काटा सरकला नाही असं समजायला हरकत नाही.

यानंतरचं काम बहुतेक जण गाळतात. प्रयोग करण्याआधी काहीही न होणारा प्रयोग करा. बाटलीत पाणी भरा, झाकण लावा, तोला, उचला, थोडी हलवा, परत ठेवा, तोला. असं पाच वेळा. माझ्या काट्यावर अशा पाच नोंदींत ०.०२ ग्रॅमचा फरक येतो. याचा अर्थ माझ्यासाठी ०.०२ च्या आतले दोन आकडे ‘सारखेच’ आहेत. तुमच्या काट्याचा हा आकडा काय आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तो माहीत नसेल तर ०.०३ चा फरक बघून उगाच घाबराल किंवा खरी गळती सोडून द्याल.

काय येणार ते आधी काढा

प्रयोगाआधी गणित करायचं. नंतर केलं तर मन आकड्यांना वाकवतं.

खायचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट. व्हिनेगरमध्ये असतं ॲसेटिक ॲसिड. दोन्ही एकत्र आले की सोडिअम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. अणुवस्तुमानं ठोकळ आकड्यांत घेऊ: हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६, सोडिअम २३. सोड्याच्या रेणुसूत्रात एक सोडिअम, एक हायड्रोजन, एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन, म्हणजे २३ + १ + १२ + ४८ = ८४. ॲसेटिक ॲसिडमध्ये दोन कार्बन, चार हायड्रोजन, दोन ऑक्सिजन, म्हणजे ६०. डावी बाजू झाली १४४. उजवीकडे सोडिअम ॲसिटेट ८२, पाणी १८, कार्बन डायऑक्साइड ४४. बेरीज पुन्हा १४४.

म्हणजे ८४ ग्रॅम सोड्यामागे ४४ ग्रॅम वायू. आपण ४.२० ग्रॅम सोडा घेऊ, कारण तो बरोबर ८४ चा विसावा भाग आहे. वायू येईल २.२० ग्रॅम. ॲसिड लागेल ३ ग्रॅम. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर ॲसिडचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. ४ टक्के असेल तर ८० ग्रॅम व्हिनेगरमध्ये ३.२ ग्रॅम ॲसिड येतं, म्हणजे गरजेपेक्षा जरा जास्त. ते जास्त असलेलंच बरं, नाहीतर थोडा सोडा तसाच उरतो आणि हिशेब बिघडतो. एक काळजी घ्या: बेकिंग पावडर घेऊ नका. तिच्यात सोड्याबरोबर स्टार्च आणि कोरडं आम्लही असतं, त्यामुळे ८४ चा हिशेब तिला लागू होत नाही. धुण्याचा सोडा तर वेगळाच पदार्थ आहे.

उघडा पेला

उंच स्टीलचा पेला घ्या. पसरट वाटी घेतली तर फसफसताना तुषार बाहेर उडतात आणि ते वायूच्या नावावर जमा होतात. पेल्यात ८० ग्रॅम व्हिनेगर ओता. कागदाच्या पुडीत ४.२० ग्रॅम सोडा बांधा. पेला आणि पुडी एकत्र काट्यावर ठेवून वजन लिहा. मग सोडा थोडा थोडा टाका, एकदम नाही. रिकामा कागदही परत काट्यावर ठेवा. तो विसरला तर वजन कमी भरेल, आणि हे वर्गात दर वर्षी घडतं.

पाच मिनिटांनी वजन १.९ ग्रॅमच्या आसपास कमी झालेलं दिसेल. २.२० का नाही? कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात साधारण दीड ग्रॅम मावतो, म्हणजे आपल्या ८० ग्रॅममध्ये ०.१२ च्या आसपास राहणार. सुरुवातीला तर त्याहूनही जास्त अडकून असतो. चमच्याने ढवळलं की आणखी बुडबुडे सुटतात आणि काटा आणखी खाली येतो. (तो चमचाही आधीपासून वजनात धरलेला असावा. त्याला चिकटून आलेले दोन थेंब म्हणजे ०.१ ग्रॅम.)

आता कोणी म्हणेल, अर्धा तास थांबू, मग सगळा वायू जाईल आणि बरोबर २.२० येईल. थांबून बघा. कदाचित येईलही, पण त्यातला काही भाग व्हिनेगरमधल्या पाण्याच्या वाफेचा असेल. उघड्या पेल्यातून पाणी सतत उडत असतं. म्हणून शेजारी तेवढंच नुसतं व्हिनेगर घातलेला दुसरा पेला ठेवायचा आणि त्याचंही वजन त्याच वेळी करायचं. तो अर्ध्या तासात जेवढा हलका होईल तेवढं पहिल्या पेल्याच्या घटीतून वजा करा. हा शेजारचा पेला मला या सगळ्या प्रयोगातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. मुलांना सुरुवातीला तो निरर्थक वाटतो, कारण त्याच्यात काहीच ‘होत’ नाही.

बंद बाटली

शीतपेयाची सव्वा लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, मूळ झाकणासकट. काचेची बाटली या प्रयोगाला कधीही वापरू नका, ती फुटली तर डोळे जातील. आतल्या वायूसाठी पेयाचीच बाटली का, तर ती दाब सहन करण्यासाठीच बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली चालणार नाही. आपले २.२० ग्रॅम म्हणजे साधारण १.२ लिटर वायू. बाटलीतल्या मोकळ्या जागेत तो मावला की दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे दुप्पट होतो. नवीन शीतपेयाच्या बाटलीत याहून जास्त दाब असतो, त्यामुळे एवढ्यावर काळजी नाही. पण ‘अजून जोरात’ म्हणून सोडा दुप्पट करायचा नाही आणि लहान बाटलीत हेच प्रमाण वापरायचं नाही.

अडचण एकच: झाकण लागेपर्यंत सोडा आणि व्हिनेगर भेटता कामा नयेत. यासाठी होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची बाटली छान बसते. तिच्यात ४.२० ग्रॅम सोडा भरायचा, गळ्याला दोरा बांधायचा, तिचं झाकण काढून ती मोठ्या बाटलीत उभी लोंबकळत सोडायची आणि दोऱ्याचं टोक मोठ्या झाकणाच्या आट्यांऐवजी आतल्या बाजूला चिकटपट्टीने चिकटवायचं. दोरा आट्यांमध्ये आला तर तिथूनच वायू निघतो. झाकण घट्ट फिरवा. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. तोला.

माझ्या वहीतली एक नोंद: १२१.३७.

आता बाटली आडवी करा. सोडा व्हिनेगरमध्ये सांडतो, फेस वर चढतो, बाटली हाताला टणक लागायला लागते. मुलांच्या चेहऱ्यावर इथे स्पष्ट दिसतं की त्यांना वजन वाढलेलं हवं आहे, कारण बाटली ‘भरली’ आहे. पाच मिनिटांनी परत तोला: १२१.३६. माझ्या काट्याच्या ०.०२ मध्ये हे सारखंच.

इथे घाई नको, दोन कारणांनी. ही अभिक्रिया उष्णता शोषून घेते आणि बाटली थोडी गार होते. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात दोन-तीन अंशांनी गार झालेल्या बाटलीवरही बाहेरून दव धरतं. ते काट्यावर चढतं आणि वजन वाढलं असं वाटतं. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुन्हा पुसा, मग तोला. दुसरं कारण म्हणजे हात. ओल्या हाताने बाटली धरली की वजन वाढतं. मी कागदी रुमालाने धरायला सांगते.

मग काट्यावर ठेवूनच झाकण हळूच सैल करा. फुस्स आवाज येईल आणि आकडा खाली धावेल. माझ्या नोंदीत तो ११९.७२ वर थांबला, म्हणजे १.६४ ग्रॅम गेले. २.२० का नाही? बाहेर गेलेला वायू निव्वळ कार्बन डायऑक्साइड नव्हता. आत आधीपासून असलेली हवाही त्याच्यात मिसळून गेली आणि त्या बदल्यात बराचसा कार्बन डायऑक्साइड बाटलीतच राहिला. बाटली दहा-पंधरा वेळा दाबून सोडा, म्हणजे आतला वायू बाहेर जाऊन हवा आत येईल. त्यानंतर माझ्या काट्यावर ११९.३१ आलं. एकूण घट २.०६, आणि पाण्यात विरघळून राहिलेले ०.१२ धरले तर २.१८. गणित २.२० सांगत होतं.

फुगा, आणि माझा चुकलेला शेरा

इंटरनेटवर आणि विज्ञान प्रदर्शनात हाच प्रयोग फुगा लावून करतात, कारण फुगताना बघायला छान दिसतं. वजन तोलण्यासाठी मात्र तो वाईट आहे आणि तो का वाईट आहे हे शिकवण्यासाठी उत्तम.

फुगलेला फुगा स्वतःच्या आकारमानाएवढी हवा बाजूला सारतो. पाण्यात बुडालेली वस्तू जशी हलकी भरते तशीच हवेत बुडालेलीही भरते. आपण सगळेच कायम हवेत बुडालेले असतो, पण काट्यावरच्या वस्तूचं आकारमान बदलत नाही तोवर ते लक्षात येत नाही. एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम असतं. बंद बाटलीचं आकारमान प्रयोगाआधी आणि नंतर जवळपास तेवढंच राहतं. फुग्याचं सव्वा लिटरच्या आसपास वाढतं. म्हणजे एकही रेणू बाहेर न जाता काटा सुमारे दीड ग्रॅम कमी दाखवणार. बाटलीतलं वस्तुमान तेवढंच आहे, वाढलंय ते हवेचं प्लावक बल, म्हणजे वर उचलणारा जोर.

हे तपासायची सोपी रीत आहे. फुग्याचा सर्वांत मोठा घेर शिंप्याच्या टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. त्या आकड्याचा घन करा आणि ५९ ने भागा. उत्तर मिलिलिटरमध्ये फुग्याचं आकारमान. (गोलाच्या घनफळाचं सूत्र घेराच्या भाषेत लिहिलं की हेच ५९ येतं. वर्गात काढून घ्या, नववीच्या मुलांना जमतं.) फुगा अगदी गोल नसतो, त्यामुळे थोडा फरक पडेल, चालेल.

त्या मुलीच्या फुग्याचा घेर ४१ सेंटिमीटर भरला. ४१ चा घन ६८,९२१, भागिले ५९, म्हणजे १,१६८ मिलिलिटर. गुणिले १.२, म्हणजे १.४० ग्रॅम. तिची घट होती १.३७.

मी तिच्या वहीतला माझा शेरा खोडला, खाली हे गणित लिहिलं आणि सही केली. सगळ्या वर्गासमोर केलं, कारण शेराही सगळ्या वर्गासमोर मारला होता.

फुगा वापरायचाच असेल तर फुगल्यावर लगेच तोला. रबरातून कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा लवकर झिरपतो. दोन-तीन तासांनी फुगा लहान झालेला दिसेल, तेव्हा खरोखर गळती सुरू झालेली असते.

वायू नको असेल तर

शाळेत वेळ कमी असेल तेव्हा दोन द्रावणांचा प्रयोग करा. १.११ ग्रॅम कॅल्शिअम क्लोराइड थोड्या पाण्यात, १.०६ ग्रॅम सोडिअम कार्बोनेट थोड्या पाण्यात. एक शंकूपात्रात, दुसरं छोट्या परीक्षानळीत, नळी दोऱ्याने आत टांगलेली, वर रबरी बूच. तोला, तिरकं करा, पांढरा साका दिसेल, पुन्हा तोला. साका म्हणजे १ ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट, आणि पाण्यात विरघळलेलं १.१७ ग्रॅम साधं मीठ. १.११ आणि १.०६ मिळून २.१७, १.०० आणि १.१७ मिळूनही २.१७. इथे वायू नाही आणि आकारमानाचा घोटाळाही नाही, म्हणून आकडे सहज जुळतात. मला हा प्रयोग थोडा कोरडा वाटतो, पण हात बसायला चांगला. कॅल्शिअम क्लोराइड मात्र पटकन तोला. ते हवेतलं बाष्प ओढून घेतं, काट्यावर ठेवल्या ठेवल्या त्याचा आकडा वर चढताना दिसतो.

चुन्याचं उदाहरण, आणि ते घरी का करू नये

५६ ग्रॅम कळीचा चुना आणि १८ ग्रॅम पाणी मिळून ७४ ग्रॅम विरलेला चुना, हे उदाहरण शाळेत हमखास सांगतात. कागदावर ते चोख आहे. उघड्या भांड्यात करायला गेलं तर ७४ येत नाही. चुना विरताना इतकी उष्णता बाहेर पडते की मोजून घातलेल्या १८ ग्रॅममधलं बरंचसं पाणी वाफ होऊन निघून जातं. त्यात दुकानातली चुनकळी बहुधा अर्धवट विरलेलीच असते. शिवाय उडालेला चुना डोळ्यात गेला तर कायमची इजा होते. म्हणून हा प्रयोग मुलांच्या हातात देऊ नका.

पण चुन्याचा हिशेब कागदावर पुरा करण्यासारखा आहे. भट्टीत १०० ग्रॅम चुनखडी भाजली की ५६ ग्रॅम कळीचा चुना राहतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. त्यात १८ ग्रॅम पाणी घातलं की ७४. हा चुना भिंतीला लावला की तो हळूहळू हवेतला ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड परत घेतो, १८ ग्रॅम पाणी सोडतो, आणि पुन्हा १०० ग्रॅम चुनखडी होते. आपल्या अनेक किल्ल्यांवर चुन्याची घाणी अजून दिसते, तो गोल चर आणि त्यातलं दगडी चाक. तिथे मळलेला चुना भिंतीत जाऊन पुन्हा दगड झाला, तो या हिशेबाने.

जळून जड होणारी वस्तू

जळलं की वजन घटतं ही समजूत मोडायला लोखंडाची लोकर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशच्या कामासाठी बारीक स्टील वूल मिळतं, ते हवं. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी चालणार नाही, ती स्टेनलेस असते आणि पेटत नाही. स्टील वूलवर तेलाचा हलका थर असतो. तो साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर तेल जळून वजन कमी होईल आणि वाढ झाकली जाईल.

काट्यावर फरशीचा तुकडा, त्यावर कुंडीखालची मातीची बशी, तिच्यात पिंजून सैल केलेली ५ ग्रॅम लोकर. मोठं माणूस शेजारी हवं, कपडे सुती हवेत, जवळ कागद नको. कडेला काडी लावा. ज्योत दिसत नाही, लाल ठिणगीची रेघ तारांमधून सरकत जाते आणि काट्यावरचा आकडा वर चढत राहतो. सगळं लोखंड जळलं असतं तर ५ ग्रॅमचे सात ग्रॅमच्या आसपास झाले असते. प्रत्यक्षात तेवढे होत नाहीत. आतल्या तारा शिल्लक राहतात. विझून गार झाल्यावर बोटाने चुरून बघा. जळलेला भाग काळा आणि ठिसूळ असतो, न जळलेला अजून लवचिक लागतो. वाढलेलं वजन म्हणजे हवेतून आलेला ऑक्सिजन. उघड्या पेल्यात खर्चाची बाजू हवेत गेली होती, इथे जमेची बाजू हवेतून आली.

सिलिंडरचा हिशेब

घरातला गॅस संपला की १४.२ किलो कुठे गेले, असं मी मुलांना विचारते. ‘जळून गेले’ असं उत्तर येतं. मग आम्ही समीकरण मांडतो. गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून सगळा ब्युटेन धरू.

संतुलन करताना आधी कार्बन, मग हायड्रोजन, सर्वांत शेवटी ऑक्सिजन, कारण ऑक्सिजन एकट्या रेणूच्या रूपात येतो आणि त्याची संख्या बदलली तरी बाकीचं बिघडत नाही. ब्युटेनच्या रेणूत ४ कार्बन, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे ४ रेणू. १० हायड्रोजन, म्हणून पाण्याचे ५. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू झाले ८ आणि ५, एकूण १३. डावीकडे ते जोडीने येतात, म्हणून साडेसहा रेणू. अर्धा रेणू लिहायला अवघड वाटत असेल तर सगळ्याला दोनने गुणा. रेणूच्या आतला आकडा मात्र कधीही बदलायचा नाही, तो बदलला की पदार्थच बदलतो. मुलं सर्वांत जास्त चुकतात ती इथे.

आता वजनं. ब्युटेन ५८, ऑक्सिजन २०८, बेरीज २६६. कार्बन डायऑक्साइड १७६, पाणी ९०, बेरीज २६६. या प्रमाणात १४.२ किलो गॅसला हवेतला सुमारे ५०.९ किलो ऑक्सिजन लागतो. बाहेर पडतो सुमारे ४३.१ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी. दोन्हीकडे ६५.१ किलो. एका सिलिंडरमधून दोन बादल्यांच्या जवळपास पाणी स्वयंपाकघरात वाफेच्या रूपाने येतं, हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो. बंद खोलीत शेगडी का चालवू नये हेही याच आकड्यांतून समजतं. ५०.९ किलो ऑक्सिजन त्याच खोलीतून यायचा असतो.

अकरावी-बारावीची मुलं इथे विचारतात, ऊर्जा बाहेर पडली तर तेवढं वस्तुमान कमी होणार ना? होतं. आइन्स्टाइनच्या सूत्राने काढलं तर पूर्ण सिलिंडरमागे सुमारे ८ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा साधारण सव्वा लाखावा भाग, तोही ६५ किलोंमध्ये. रसायनशास्त्राच्या कुठल्याही काट्याला तो दिसणार नाही.

आकडे जुळले नाहीत तर

आधी काट्याचं नाणं तोला. मग कागद, चमचा, झाकण, दोरा, पहिल्या वजनात असलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वजनातही आहे का ते बघा. मग बाटलीचं बाहेरचं अंग: दव, हाताचा ओलावा, सांडलेला थेंब. मग तापमान. गरम वस्तूभोवतीची हवा वर चढते आणि काट्यावरचा भार हलका दाखवते, म्हणून हिशेबाचं वजन वस्तू गार झाल्यावरच घ्यायचं. मग आकारमान बदललं का ते. या सगळ्यानंतरच गळतीला दोष द्या, आणि तोही बाटली पाण्यात बुडवून बुडबुडे दिसले तरच.

हे चोचले वाटतील, पण बर्लिनमध्ये हान्स लांडोल्ट या रसायनशास्त्रज्ञाने याच गोष्टींच्या मागे अनेक वर्षं घालवली. काचेच्या दोन पायांच्या बंद नळीत, प्रत्येक पायात एक द्रावण ठेवून, त्याने पंधरा अभिक्रिया तोलून पाहिल्या. सुरुवातीला त्याला बारीकशी घट दिसत होती. नियम मोडला असं जाहीर करण्याची घाई त्याने केली नाही. अभिक्रियेच्या उष्णतेने काचेच्या बाहेरच्या अंगावरचा ओलाव्याचा थर उडतो आणि प्रसरण पावलेली काच मूळ आकाराला यायला वेळ घेते, हे त्याने शोधून काढलं. पुरेसं थांबून तोलल्यावर घट नाहीशी झाली. १९०८ मध्ये त्याने निष्कर्ष मांडला: मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत वस्तुमान बदलत नाही.

आठ-दहा दिवसांचा प्रयोग

हा शेवटचा, आणि माझा सर्वांत आवडता. अर्ध्या लिटरची काचेची बरणी घ्या, झाकण हवाबंद बसणारं. इथे आतला दाब वाढत नाही, कमी होतो, आणि तोही थोडाच, म्हणून जाड काच चालते. प्लास्टिकची बाटली आत चेपली जाते आणि आकारमानाचा घोटाळा पुन्हा सुरू होतो. धुतलेली ५ ग्रॅम लोखंडाची लोकर मिठाच्या पाण्यात बुडवून निथळा आणि बरणीत टाका. झाकण लावून कडेने मेण ओता. तोला. तारीख घाला.

रोज एकाच वेळी तोला. लोकर लाल होत जाईल, वजन हलणार नाही. लोखंड जड होत असतं, पण जेवढं ते जड होतं तेवढीच आतली हवा हलकी होते. काही दिवसांनी गंज वाढायचा थांबतो, कारण बरणीतला ऑक्सिजन संपलेला असतो.

आता झाकण उघडण्याआधी तोलायचं. १६७३ मध्ये रॉबर्ट बॉईलने बंद काचपात्रात धातू तापवल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पात्र उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज त्याने ऐकला, पण वजन केलं ते त्यानंतर. वाढलेलं वजन अग्नीचे कण काचेतून आत शिरल्यामुळे आलं, असं त्याने मानलं. सुमारे शंभर वर्षांनी, १७७४ मध्ये, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने कथिलावर तोच प्रयोग केला, पण पात्र उघडण्याआधी तोललं. वजन तेवढंच होतं. उघडल्यावर हवा आत आली आणि वजन वाढलं.

तुमच्या बरणीतही तसंच होईल. मेण खरवडून काढा, काढलेलं सगळं मेण बरणीबरोबर काट्यावरच ठेवा. कान जवळ नेऊन झाकण सैल करा. आवाज बारीक असतो, शेजारी कोणी बोलत असेल तर ऐकू येत नाही. अर्ध्या लिटरच्या बरणीत सुमारे शंभर मिलिलिटर हवा आत शिरते. काट्यावरचा आकडा ०.१२ ग्रॅमच्या आसपास वर जाईल.